बाहेर बसवलेली ओळ

आमचे नियम चार होते आणि चारही मीच टाइप केले होते. पहिला, प्रत्येक वाक्याला दोन छापील आधार हवेत. दुसरा, स्वतःचा अनुभव, ऐकीव गोष्ट, कुणाच्या डॉक्टर मामांनी सांगितलेलं, यातलं काहीही चालणार नाही. तिसरा, ज्या वाक्यावर वाद आहे ते वाक्य सगळ्यांचं एकमत होईपर्यंत लेखातून काढून ठेवायचं. चौथा नियम सभ्य भाषेबद्दल होता, तो कुणीच पाळत नसे.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. पुण्याहून बंगलोरला संगणकाच्या नोकरीसाठी आलेली मी चोवीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. इंटरनेट अजून घराघरांत पोचलं नव्हतं. एखाद्या हौशी माणसाच्या घरी संगणक टेलिफोनच्या लाइनला जोडलेला असायचा. आपण आपल्या मोडेमवरून तिथे फोन लावायचा, आपली पत्रं आणि लेख तिथे ठेवायचे, दुसऱ्यांचे उचलून आणायचे. याला आम्ही फलक म्हणायचो. एका शहराच्या फलकावरचं पत्र दुसऱ्या शहरात पोचायला दोन-तीन दिवस लागत, आणि तरी आम्हाला विजेच्या वेगाने बोलल्यासारखं वाटे.

त्या फलकावर आम्ही पाच जण ज्ञानकोश लिहीत होतो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. जगातल्या सगळ्या विषयांवर लिहायचं असं ठरलं होतं, पण पहिला लेख एड्सवर घेतला आणि दोन वर्षं त्याच्यातून बाहेरच आलो नाही. ती साथ जगभर पसरत होती आणि आपल्याकडे तिच्याहून वेगाने अफवा पसरत होत्या. डास चावून होतो, न्हाव्याकडे बसलं तर होतो, हॉटेलातल्या पेल्याने होतो, अमुक काढा घेतला तर जातो. आम्ही एकेक अफवा पकडून तिच्यासमोर दोन-दोन आधार मांडायचो. त्या कामाचा मला फार अभिमान होता. आमच्या लेखातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. तेच तर दुखणं आहे.

संपादन माझ्याकडे होतं, कारण मोडेम माझ्या ऑफिसात होता. ऑफिसची फोनलाइन साडेआठपर्यंत मोकळी असे, म्हणून मी मल्लेश्वरमहून पहाटेची बस धरून यायची. पाचांपैकी दोघं क्वचितच लिहीत. खरे लिहिणारे आम्ही तिघं. मद्रासचे एक निवृत्त डॉक्टर, अमेरिकेत संशोधन करणारा एक विद्यार्थी आणि मी. एकमेकांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. एखाद्या वाक्यावर वाद झाला की मी ते लेखातून काढून वहीत लिहून ठेवायची आणि समोर खूण करायची, 'बाहेर'. आमच्या घरी आजीच्या काळापर्यंत बायका चार दिवस बाहेर बसत, त्यावरून मला ते सुचलं होतं. डॉक्टरांना याचा अर्थ कळवला तेव्हा ते खूष झाले आणि तेही तोच शब्द वापरायला लागले.

मल्लेश्वरममध्ये मी एका मराठी कुटुंबाच्या घरात वरच्या खोलीत राहायची. कुटुंब म्हणजे नवरा-बायको दोघंच, अण्णा आणि अक्का. घर तीन पिढ्या बंगलोरला स्थिरावलेलं, त्यामुळे अण्णांच्या मराठीत निम्मं कन्नड असे. एका कारखान्यात ते फोरमन होते. मला ते तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. अक्का निपाणीकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. स्वतःबद्दल बोलताना त्या 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या, तिकडच्या बायका म्हणतात तसं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. यावर घरात कुणी बोलत नसे, पण दर सोमवारी अक्का काडुमल्लेश्वराच्या देवळात जात आणि परत आल्यावर तासभर गप्प असत. माझं जेवण त्यांच्याकडेच होतं. जेवताना मी डासांच्या आणि न्हाव्याच्या गोष्टी सांगायची, आणि अक्का म्हणायच्या, "एवढं वाचून डोकं दुखत नाही काय गं तुझं?"

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत अण्णांना रक्ताची उलटी झाली. पोटात अल्सर होता, तो फुटला. जवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं, तिथे दोन बाटल्या रक्त चढवलं आणि माणूस वाचला. हुबळीहून अक्कांचे थोरले दीर आले, दोन दिवस राहून गेले. आठवड्याभरात अण्णा घरी आले, पिवळे पडलेले पण हसत. सगळा रस्ता त्यांना बघायला येऊन गेला.

तेव्हा मी विचारलं, "अक्का, रक्त कुठून आणलं होतं?"

"तिथल्याच माणसानं आणून दिलं की. का गं?"

"बाटलीवर तपासल्याचा शिक्का होता का?"

त्यांना ठाऊक नव्हतं. मी स्वतः नर्सिंग होममध्ये जाऊन विचारलं. काउंटरवरच्या माणसाने आधी कानडीत टाळलं, मग हिंदीत टाळलं, आणि शेवटी, पेशंट वाचला ना, मग कशाला चौकशी करता, असं म्हणाला. रक्त विकणाऱ्या एका माणसाचं होतं आणि तपासलेलं नव्हतं, एवढं मला त्याच्या तोंडावरून कळलं. घरी येऊन मी दोघांना समोर बसवून सांगितलं. चाचणी करून घ्या, आणि तोवर जपून राहा. जपून म्हणजे काय हे मी इंग्रजीत सांगितलं, कारण मराठीत मला लाज वाटली. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. त्या दिवसापासून अक्कांची गादी आतल्या खोलीत आणि अण्णांची बाहेर पडायला लागली.

इथवर मी कुणाचंही वाईट केलं नव्हतं. उलट त्या गल्लीत हा प्रश्न विचारणारी मी एकटी होते.

याच दिवसांत तिकडे फलकावर युद्ध पेटलं होतं. लागण झाल्यानंतर काही काळ रक्ताच्या चाचणीत काहीच दिसत नाही. शरीर त्या विषाणूशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं, त्याला वेळ लागतो, आणि चाचणी शोधते ती प्रतिपिंडंच. त्या मधल्या काळात माणसाला लागण असते, त्याच्यापासून ती दुसऱ्याला होऊ शकते, आणि कागदावर मात्र 'नाही' येतं. ही ओळ आमच्या लेखात पहिल्यापासून होती. हा काळ तीन महिन्यांपर्यंत असू शकतो, असं तिच्यात म्हटलं होतं. ती डॉक्टरांची ओळ. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने लिहिलं की तीन चूक आहे, सहा महिने लिहा. त्याने दोन आधार दिले. डॉक्टरांनी तीन महिन्यांचे दोन आधार दिले आणि वर लिहिलं की आमच्या तरुण मित्राने बहुधा नुसते सारांशच वाचले असावेत. विद्यार्थ्याने उत्तर दिलं की निवृत्तीनंतर पुस्तकं जुनी होतात हे काहींच्या लक्षात येत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन आधार असले तर काय करायचं, हे आमच्या नियमांत नव्हतं. मी सुचवलं, काही आठवडे ते काही महिने असं मोघम लिहू. दोघंही माझ्यावर तुटून पडले. मोघम लिहायचं तर वर्तमानपत्रं आहेतच की, असं डॉक्टर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थी त्यांच्याशी सहमत झाला.

मग मी तिसरा नियम लावला. ती ओळ आख्खी काढली आणि वहीत समोर लिहिलं, 'बाहेर'. आकडा वादात होता, ओळ वादात नव्हती. नुसता आकडा काढता आला असता. पण आमचा नियम वाक्याचा होता, आकड्याचा नव्हता, आणि नियम मीच टाइप केलेला होता. मागे उरलं ते एवढंच, की रक्ताच्या साध्या चाचणीने लागण आहे की नाही हे कळते. या वाक्याला चार आधार होते आणि त्यावर कुणाचाही वाद नव्हता.

खोटं कशाला बोलू, मला त्या भांडणात मजा येत होती. सकाळी ऑफिसात पोचले की मोडेमची किरकिर संपेपर्यंत मला धीर धरवत नसे. आज कोणी कुणाला काय टोमणा मारला, कोण नवा आधार घेऊन आलं, यातच माझा दिवस सुरू होई. परवाच्या करोनाच्या साथीत, मी आता राहते त्या सर्जापूर रोडच्या सोसायटीतली चार-पाच मुलंमुली रात्रंदिवस खपून असंच काम करत होती. मी पूर्वी असलं काही केलंय हे त्यांना कुठून तरी कळलं आणि विश्वासार्ह कसं लिहावं यावर आम्हाला चार शब्द सांगा म्हणून ती घरी आली. पाठ दुखते म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. त्यांचे चेहरे उतरले, पण मी काय सांगणार होते?

अण्णांची चाचणी झाली तेव्हा रक्त चढवून तीन आठवडे झाले होते. कागद आला, 'नाही'. अक्कांनी दुसऱ्या दिवशी पहाटेच शिरा केला आणि वाटी घेऊन वर आल्या. मी ऑफिसला निघण्याच्या घाईत होते. कागद बघितला, "वा!" म्हटलं, उभ्याउभ्याच शिरा खाल्ला आणि बस गाठली. तीन आठवडे हा आकडा मी मनात मोजलासुद्धा नाही.

पण अक्का नुसत्या कागदावर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्या रविवारी सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. अवरेकाळूचे दिवस होते. भिजवलेल्या वालांचं मोठं पातेलं मध्ये घेऊन त्या एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून उडवत होत्या. मीही समोर बसून तेच करायला लागले. 

मग म्हणाल्या, "लॅबवाला म्हणाला, काय नाही, जावा घरला. पण तू सांगितल्याबिगर मला पटत नाही बघ."

"कागदावर आहे ना, अक्का."

"कागद एका ओळीचा हाय. तुझ्या त्या संगणकात सगळं लिहिलंय म्हणतीस. ते मला मराठीत लिहून दे की. मी सावकाश वाचतो." माझ्याकडे न बघता त्या पुढे म्हणाल्या, "सहा वर्सं झाली गं. आता वय पण होत चाललं. परत पहिल्यासारखं... चालतंय न्हवं?"

त्या काय विचारत होत्या ते मला स्वच्छ कळलं. सहा वर्षं देवळातून येऊन गप्प बसणारी बाई नवऱ्याजवळ जायला माझी परवानगी मागत होती.

मी म्हटलं, "मी लिहूनच देते. तुम्ही वाचा, म्हणजे खात्री होईल."

आमच्या ऑफिसच्या प्रिंटरला देवनागरी येत नव्हती. मी इंग्रजी लेख छापून आणला आणि दोन दिवस बसून पाच फुलस्केप पानांवर हाताने मराठीत उतरवला. अक्षर माझं चांगलं आहे. डास, न्हावी, पेला, रक्त, सुई, आईपासून बाळाला, सगळं व्यवस्थित लिहिलं. चाचणीच्या भागात आले तेव्हा हात थांबला. तिथे एक ओळ होती आणि आता नाही, हे मला आठवलं. नाही आठवलं असं म्हणायला मला आवडलं असतं.

त्या वेळी मनात जे आलं ते जसंच्या तसं लिहिते. ती ओळ लिहिली तर अक्का विचारतील, तीन की सहा? मग मला म्हणावं लागेल की अजून ठरलेलं नाही. ज्या लेखाच्या जोरावर मी या घरात इतके दिवस नाकाने कांदे सोलत होते, त्यात एक गोष्ट अजून ठरलेली नाही असं मला सांगावं लागेल. शिवाय नियम होता. वादातली ओळ बाहेर द्यायची नाही. नियमाचा मला त्या क्षणी फारच आधार वाटला. मी पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

आणि तीन आठवडे म्हणजे तीन महिन्यांपेक्षाही कमी आणि सहा महिन्यांपेक्षाही कमी, एवढा साधा हिशेब मी केला नाही. डॉक्टरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, थांबा. विद्यार्थ्याला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, थांबा. ज्या एका गोष्टीवर दोघांचं पूर्ण एकमत होतं, नेमकी तीच आम्ही बाहेर बसवली होती.

अक्कांनी पाचही पानं माझ्यासमोर बसून वाचली, शब्दाखाली बोट फिरवत. मग विचारलं, "सगळं हाय काय यात?"

"हो."

"न लिहिलेलं काय राहिलं नाही न्हवं?"

"नाही, अक्का."

त्या हसल्या. "सरी," म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि पानांची घडी घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. त्याच दिवशी दोन गाद्या परत एका खोलीत गेल्या.

संक्रांतीनंतर फलकावरचं भांडण मिटलं. म्हणजे दोघंही दमले. मी आधी सुचवलेलंच वाक्य थोडं इकडचं तिकडे करून घातलं गेलं, आणि पक्की खात्री हवी असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी करा, अशी पुस्ती जोडली. ओळ आत आली त्या सकाळी मी ऑफिसात बसून ती वाचली. आज घरी गेल्यावर सांगायचं, असं ठरवलं. घरी गेले तर अक्का एळ्ळु-बेल्ल वाटून उरलेल्या पुड्या बांधत होत्या, तीळगुळाच्या, आणि अण्णा त्यांची चेष्टा करत होते. इतक्या आनंदात असलेल्या माणसांना पुन्हा कशाला घाबरवायचं? उद्या सांगू, असं म्हटलं. मग परवा. मग असं वाटायला लागलं की दोन बाटल्यांतून होऊन होऊन काय होणार आहे. जी मी लोकांना दोन-दोन आधार मागत होते, तिने स्वतःच्या मनाला एकही आधार मागितला नाही. त्याच सुमारास एका संगणक मासिकाने आमच्या लेखाची स्तुती छापली. मी ते मासिक आईला पुण्याला पाठवलं.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी अक्कांना दिवस राहिले.

सहा वर्षांनंतर! त्या देवळातून आल्या आणि तासभर बोलत बसल्या. मी त्यांना मिठी मारली आणि वर येऊन खोलीचं दार लावून घेतलं. तेव्हाही सांगता आलं असतं. मी मूग गिळून बसले.

प्रसूतिगृहात नाव घालताना सगळ्या चाचण्या करत. आठ दिवसांनी अक्कांना बोलावलं आणि दारातच सांगितलं की आमच्याकडे जमणार नाही, दुसरीकडे बघा. अण्णांचं रक्त परत तपासलं, त्यांनाही निघालं. दुसरीकडच्या डॉक्टरीणबाईंनी सल्ला दिला की मूल ठेवू नका. अक्का तीन दिवस विचार करत होत्या. चौथ्या दिवशी गेल्या आणि रिकाम्या होऊन आल्या.

एवढ्यावरही भागलं नाही. हुबळीचे दीर आले आणि ओट्यावरूनच बोलले, आत आले नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रक्तामुळे झालं असतं तर तेव्हाच्या चाचणीत आलं असतं. तेव्हा नव्हतं, आता आहे. म्हणजे मधल्या काळात धाकटा कुठे तरी जाऊन आला. अण्णा देवाच्या शपथा घेत होते. दीर गेल्यावर खालून अक्कांचा आवाज आला. जिन्यात उभी राहून मी ऐकलं.

"हे बघा. तिनं लिहून दिलंय. चाचणीनं कळतंय म्हणून लिहिलंय. तुमचं रक्त तवा साफ होतं. मग आता कुठनं आणलं तुम्ही?"

माझी पाच पानं त्यांनी खणातून काढली होती. अण्णा म्हणाले, "मला नाही ठाऊक. खरंच नाही ठाऊक." आणि रडायला लागले. मी कधी पुरुषमाणसाला असं रडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचं अंथरूण पुढच्या ओसरीवर गेलं. अक्का त्यांना ताट वाढत आणि पाठ फिरवून आत जात.

आठ दिवस मी हे बघितलं. आठ दिवस तीच माणसं, तोच जिना, आणि माझ्या तोंडातून शब्द नाही. रोज सकाळी ऑफिसात जाऊन मी लेखातली ती ओळ बघून यायची, जशी काही ती आपणहून उठून मल्लेश्वरमला जाणार होती. माझी भीती अगदी क्षुद्र होती. अक्का माझ्याकडे कशा बघतील, एवढीच. त्यांचं मूल गेलं होतं, जीव जाणार होता, नवऱ्यावरचा विश्वास गेला होता, आणि मला माझ्या अब्रूची काळजी होती. मला स्वतःची किळस येते ती याच आठ दिवसांची.

नवव्या दिवशी अण्णा वर आले. इतक्या दिवसांत ते कधी माझ्या खोलीपर्यंत आले नव्हते. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"तंगी, तू शिकलेली आहेस. एक सांग. असं होऊ शकतं काय, की चाचणी चुकली? मी कुठे गेलो नाही गं. तिला बाकी सगळं सोसेल. हे सोसणार नाही."

मी उठले आणि त्यांच्याबरोबर खाली गेले. अक्का तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की लागण झाल्यावर काही महिने चाचणीत काही दिसत नाही. तीन आठवड्यांनी केलेल्या चाचणीला काही अर्थ नव्हता. अण्णांना रक्तातूनच झालंय. ते कुठेही गेलेले नाहीत.

अक्कांच्या हातातलं सूप तसंच राहिलं.  मग म्हणाल्या, "हे तू तवा का नाही लिहिलंस?"

मी खाली येताना ठरवलं होतं की सगळं सांगायचं. वही दाखवायची, ती 'बाहेर'ची खूण दाखवायची, काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "तेव्हा ठाऊक नव्हतं, अक्का. आत्ता नवीन कळलंय."

"कुणालाच ठाऊक नव्हतं?"

"कुणालाच नव्हतं."

त्या उठल्या. अण्णा दारात उभे होते, त्यांच्या छातीवर डोकं ठेवून त्या रडल्या, माझं चुकलं, माझं चुकलं, म्हणत राहिल्या. चुकलं कुणाचं होतं? मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. मग डोळे पुसून त्यांनी खणातून पानं आणली आणि पाचवं पान माझ्यापुढे धरलं.

"यात लिही. हुबळीला पाठवतो मी. दिराला दिसू दे. आत्ता कळलं म्हणून लिही, म्हणजे मागं का लिहिलं नाही असं कुणी विचारायचं नाही. खाली आजची तारीख घाल."

मी लिहिलं. चाचणीबद्दलची ओळ लिहिली, तिच्यापुढे ही माहिती नव्यानेच हाती आली आहे असं लिहिलं, आणि तारीख घातली. माझ्या हातून उतरलेलं ते पहिलं खोटं वाक्य. त्याला एकाही आधाराची गरज पडली नाही, कारण अक्षर माझं होतं आणि त्या घरात माझ्या अक्षराला मान होता.

दिरांनी ते पान वाचलं आणि ते परत येऊ लागले. पहिल्या खेपेला ओट्यावर, दुसऱ्या खेपेला आत जेवायला. अण्णा तीन वर्षांनी गेले. औषधं परदेशात निघाली होती असं आमच्याच लेखात आम्ही लिहिलं होतं, दोन-दोन आधारांसह, पण ती मल्लेश्वरमपर्यंत आली नव्हती. त्यानंतरच्या वर्षी अक्काही अंथरुणाला खिळल्या. मी तोवर लिहिणं सोडलं होतं, खोली सोडली नव्हती. त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं आणि बऱ्याच दुपारी मी तिथे बसून असायची.

असंच एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. आवाज फार खोल गेला होता, वाकून ऐकावं लागे.

"तू होतीस म्हणून ह्यांचं नाव राहिलं बघ. नाहीतर मी तशीच वाईट मनानं गेलो असतो. तुझे उपकार हाईत गं माझ्यावर."

मी म्हटलं, "असू द्या, अक्का."